गलबतावर आलेली देवी

एकोणचाळिसावी घागर वर चढली, तशी खाली होडीत उभ्या असलेल्या जवादीनं मान वर करून विचारलं, "नाखवानू, गलबतार माणसां किती?"

"एकोणीस," नाखवा म्हणाला. "कित्या?"

"काय नाय. पुढच्या पल्ल्याक माणशी दोन घागरी लागतत. अडतीस झाल्यो."

"ओत गो तू. खजूर धुवचो असा."

गलबतावरचे सगळे हसले. घागरी ओढून घेणारा मी, मीही हसलो. खजूर धुऊन खाणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर अजून जन्मायचा होता. जवादी मात्र हसली नाही. तिनं आणखी पाच घागरी दिल्या, एकूण चव्वेचाळीस, आणि त्या पाच घागरी देताना ती गाणं म्हणत होती. तिच्या मुलखातलं, हबशी बोलीतलं. नाखव्याला ते इतकं आवडलं की त्यानं तिला तेच पुन्हा म्हणायला लावलं. तिनं ते आनंदानं दुसऱ्यांदा म्हटलं. गाणं संपलं तेव्हा आमच्या पायाखालच्या फळीवर आतून तीन टकटकी आल्या.

"उंदीर मातले," मी म्हणालो.

"मोठे असतले," जवादी म्हणाली आणि वल्हं मारीत निघून गेली.

त्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यावर इतके केस होते की वादळात शीड फाटलं तर नाखवा मला डोलकाठीवर बांधीत असे. जिवबा धुरी हा आमचा नाखवा. देहानं बुरूज, आवाजानं तोफ. त्यानं सकाळी पहिली शिवी दिली की बंदरातले बगळे उडत, दुसरी दिली की भरती सुरू होई. त्याच्या घरी मी लहानपणापासून होतो. आईबापांमागे त्यानंच मला वाढवलं होतं. वाढवलं म्हणजे त्याच्या जेवणानंतर उरेल ते मला वाढलं. त्यानं ऊठ म्हटलं की मी उठत होतो, बस म्हटलं की बसत होतो. यात काही वावगं आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

आणि जवादी ही पाणीवाली. माडशेत बंदराच्या टोकाला गोड्या पाण्याचा एक झरा आहे, त्याच्याजवळ ती एकटी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना पाणी पुरवी. उंच, काळीभोर, तोंडभर देवीचे वण. वाडीत कुणाला देवी आल्या की माणसं तिलाच बोलवीत, कारण ज्याला एकदा येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत. तेवढ्यापुरती ती सगळ्यांची आई. एरवी पाणीवाली. ती या किनाऱ्यावर कशी आली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण लोकांना माहिती लागते, म्हणून मी तीन हकिगती पसरवून ठेवल्या होत्या. एकीत ती मुशी माशाच्या पाठीवर बसून आली होती. दुसरीत रिकाम्या पिंपातून. तिसरी आता सांगत नाही, घरात लेकीसुना आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सरपणासाठी किनाऱ्यावर धाडलं, तेव्हा ती झऱ्यापाशी माझी वाट बघत असल्यासारखी बसली होती. तिनं मला बसवलं, नारळ फोडून दिला आणि मी खोबऱ्याचा पहिला तुकडा तोंडात घातल्यावर विचारलं, "सोमा, खाली कोण असा?"

"पावणी," मी म्हणालो. नाखव्यानं आम्हाला तेच सांगितलं होतं. अरबांच्या बंदरात खजूर भरताना दोन बायका आणि एक चेडू गलबतावर आली होती. घाटाच्या पायथ्याला एक बडा इनामदार होता, त्याच्याकडे ती पाहुणी म्हणून निघाली होती.

"पावण्यांक भायरसून कडी कोण घालता?"

मी खोबरं चावायचा थांबलो. कडी मी घालत होतो. रोज तिन्हीसांजेला, नाखव्यानं मानेनं खूण केली की. सत्तावीस दिवस घातली होती.

तिनं खोबऱ्याचा दुसरा तुकडा माझ्या हातात ठेवला. दोष दिला असता तर मी भांडलो असतो. मग तिनंच शांतपणे सांगितलं की गाण्यातून तिनं त्यांना तीन गोष्टी विचारल्या होत्या: तुम्ही आपखुशीनं आलात का, किती जणी आहात, आणि सुटायचं आहे का. पहिल्या प्रश्नाला टकटक आली नाही. उरलेल्या दोहोंचं उत्तर तीन टकटकींत आलं.

राणीच्या सरकारनं माणसं विकायला बंदी करून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. मी म्हणालो, मग साहेबाला कळव. ती म्हणाली, आधीच्या दोन गलबतांच्या वेळी कळवलं. एकदा साहेबाचा माणूस येईतो गलबतानं शीड उभारलं होतं. दुसऱ्यांदा वेळेवर आला, तर नाक्यावरच्या कारकुनानं नाखव्याची घरची माणसं म्हणून आणलेल्यांची नावं लिहून घेतली होती. साहेबाचा तळ होता शीवेपलीकडे चार कोसांवर. तिथं जाऊन त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं की सुटकेचा कागद मिळे. कायदा चांगला होता, पण त्याला पाय नव्हते. चार कोस माणसानंच चालायचे होते आणि नाखव्याच्या डोळ्यांदेखत चालायचे होते. इनामदाराच्या कारभाऱ्याला निरोप गेलेलाच होता. आठ-दहा दिवसांत तो माणसं न्यायला येणार होता.

मी म्हणालो, नाखवा मला समुद्रात टाकील.

"टाकीत नाय," ती म्हणाली. "तुझ्याइतको फुकटचो गडी तेका खंय गावतलो?"

हे मला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती.

तिनं कमरेच्या पिशवीतून चार बिब्बे, एक बाभळीचा काटा आणि तीन कांदे काढले. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते आणि पाणीदार फोड येतात, हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. काट्याच्या टोकानं ठिपके द्यायचे. कपाळावर, गालांवर, दंडांवर. फार नाही. आणि काखेत कांदा धरायला सांगायचं, म्हणजे अंग तापतं. हे सगळं तिनं मला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा फक्त एवढंच बजावलं की बिब्ब्याला हात लावण्याआधी बोटांना खोबरेल चोपड, आणि त्यासाठी शिंपलीभर तेल दिलं.

आता खरं ते सांगतो. परत जाताना वाटेत बाजार लागला, बाजारात माणसं होती, माणसांत काही मुली होत्या आणि शिंपलीत तेल होतं. ते मी केसांना लावलं.

दुपारची जेवणं झाली, गलबतावर सगळे आडवे झाले आणि नाखव्याचं घोरणं सुरू झालं, तेव्हा मी कडी काढून खाली उतरलो. मोठी बाई मसीका, तिची नणंद, आणि मसीकाची सहा-सात वर्षांची लेक तबू. गाण्यातून त्यांना निम्मं कळलेलं होतं. उरलेलं मी माझ्या मोडक्या हबशी बोलीत सांगितलं. दोनदा त्या मुलखात गेलो होतो, तेव्हा जी बोली शिकलो ती मुख्यतः ताडीच्या दुकानात. त्यामुळे मी काय सांगितलं देव जाणे, पण नणंद तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मसीकानं लेकीला मांडीवर घेतलं आणि तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. मी काट्यानं ठिपके देत गेलो. चुरचुरतं ते. तबू रडली नाही. तिनं माझे ठिपके मोजले आणि शेवटी स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून आणखी एक मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाखव्यानं फळी उघडली आणि तसाच उभा राहिला.

माझी कल्पना होती की तो ओरडेल. त्यानं हळूच डोक्याचं मुंडासं काढलं, पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. मग वळून आम्हाला म्हणाला, "बाबांनो, आवाज करू नकात. आई इली हा."

त्या क्षणापासून आमच्या गलबतावर फोडणी बंद झाली, मासळी बंद, दाढी बंद आणि शिव्या बंद. देवी घरात असताना वावगा शब्द उच्चारायचा नाही, ही आमच्याकडची रीत जगजाहीर आहे. आता ज्यांनी गलबतावर काम केलेलं नाही त्यांना याचा अर्थ कळायचा नाही. गलबत वाऱ्यावर चालतं हा लोकांचा गैरसमज आहे. ते शिव्यांवर चालतं. आमच्यातल्या अर्ध्या खलाशांना दोरांची नावंसुद्धा शिवीशिवाय येत नव्हती. नांगर सरकला तेव्हा नाखवा म्हणाला, "गजाबा, बाबू, ती दोरी वायच ओढशीत तर उपकार होतले," आणि गजाबा घाबरून हातातली दोरी सोडून दूर पळाला. त्याला वाटलं नाखव्याला वेड लागलं.

शीड उभारायचा प्रश्नच नव्हता. आई आलेल्या घराला कुणी हलवीत नाही.

जवादीला बोलावणं गेलं. ती गंभीर चेहऱ्यानं आली, तिघींच्या कपाळांना हात लावून बघितला आणि म्हणाली की देवीच्या तिन्ही बहिणी एकदम आल्यात, म्हणजे कोप मोठा आहे. जमिनीवरची देवी एकवीस दिवस राहते, पण ही दर्यावरची. खाऱ्या वाऱ्याला कंटाळून नवव्या दिवशी उठेल. तोवर तिला जे हवं ते द्यायचं. तिची बोली सोमाला येते, तो सांगेल.

असे सुखाचे दिवस मी पुन्हा बघितले नाहीत. मसीका मला काहीही सांगो, मी नाखव्याकडे वळून अर्थ सांगायचा. आई म्हणतात, कडी नको. आई म्हणतात, खाली जीव गुदमरतो, वर वाऱ्याला बसवा. आई म्हणतात, दूधभात, वर गूळ. यांतलं बरंचसं त्या खरोखरच म्हणत होत्या. पण आई म्हणतात सोमाला दुपारी झोपू द्या, हे मसीका म्हणाली असेल असं मला आज वाटत नाही. नाखवा सगळं ऐके. आपल्या बिछान्यावर त्यानं तिघींना बसवलं, कडुलिंबाच्या डहाळीनं स्वतः वारा घातला. त्याचे हात असे हळू हलू शकतात हे मी पहिल्यांदा बघत होतो.

तिसऱ्या दिवशी माझ्या बोटांवर फोड आले. केसांत तेल घातलं होतं, मग त्याच बिब्ब्याच्या हातानं डोकं खाजवलं होतं, त्यामुळे कपाळावरही आले. मी हात पाठीमागे लपवून हिंडत होतो. नाखव्यानं मला पकडलं, हात पुढे ओढला, नीट बघितला. मी मनात म्हटलं, संपलं. बिब्ब्याचा डाग त्याला कळणार नाही असं थोडंच होतं.

तो माझ्या पाया पडला.

म्हणजे मी चौथी देवी. आता मला बिछाना, मला दूधभात, मला वारा. ज्या माणसानं अठरा वर्षं मला लाथेनं उठवलं होतं तो माझ्या उशाशी बसून विचारायचा, "आये, पाणी देव?" पहिले दोन दिवस मला इतकं हसू येई की मी तोंडात चादर कोंबून घेत असे आणि तो समजे की आईला कळा येतायत.

पाचव्या दिवशी हसू थांबलं. तिन्हीसांजेला धूप फिरवून नाखवा मसीकाच्या पायांशी बसला. त्याला वाटलं मी झोपलोय. तो म्हणाला, "आये, माझी दोन पोरां तू न्हेलंस. मी काय बोल्लंय नाय. काय चुकला असात तर पोटात घाल, पण हेंका सोड." मसीकाला शब्द कळला नाही. तिनं त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटतं मूल गेलेल्या माणसाचा आवाज कुठल्याही बोलीत ओळखू येतो. पण हेही सांगतो की तिचा दुसरा हात तबूच्या मनगटावर होता आणि तो तिनं काढला नाही.

आठव्या दिवशी फोड सुकायला लागले. बिब्ब्याचे फोड सुकतात ते डाग सोडून, खड्डा पडत नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर आंधळ्यालाही फरक कळला असता. जवादी आली आणि म्हणाली, उद्या बोळवण.

घरातून देवीची बोळवण करतात ती टोपलीतून. टोपलीत हळदकुंकू, बांगड्या, खण, नारळ, लिंबाचा पाला ठेवतात. वाजतगाजत शीवेपर्यंत नेतात, शीवेपार ठेवतात आणि मागे न बघता परततात. या वेळी एक नियम फार कडक असतो. टोपली निघाली की मागून हाक मारायची नाही. कुणालाच नाही, कुणाच्याच नावानं नाही. हाक ऐकली की देवी वळते आणि वळलेली देवी घर रिकामं करते.

नाखव्यानं टोपली भरली. जवादीनं ती बघितली आणि मान हलवली. "नाखवानू, ही टोपली घराक चलता. गलबतार आई टोपलीत बसान इली?"

"नाय."

"मगे कशी इली?"

नाखव्यानं आम्हा चौघांकडे बघितलं.

"जशी इली तशीच जातली," जवादी म्हणाली. "टोपली मी घेतंय. पण तिका आंग होया. ही चौघां चलतली."

मी नाखव्याचा चेहरा बघत होतो. त्याच्या डोक्यात इनामदार होता, दिलेला शब्द होता, आणि त्या दोन मुलांची आठवण होती.  मग त्यानं स्वतः तिघींच्या ओट्या भरल्या. माझीही भरली. मी नेसलो होतो पंचा, त्यामुळे नारळ दोनदा पडला.

ढोल लागले. किनाऱ्यावर सगळी वाडी हात जोडून उभी. पुढे जवादी डोक्यावर टोपली घेऊन, तिच्यामागे मसीका, नणंद, तबू आणि मी, आमच्यामागे नाखवा आणि सतरा खलाशी. ऊन चढलेलं. शीवेवर एक जांभा दगड उभा आहे, तो दिसायला लागला. तेवढ्यात डावीकडच्या वाटेनं घोडा आला.

इनामदाराचा कारभारी. नवं धोतर, लाल पगडी, बरोबर दोन भालदार. त्यानं मिरवणूक बघितली, तीन हबशी माणसं बघितली, आणि त्याला जेवढं कळायचं तेवढं कळलं. आपला माल शीवेपार चाललाय. आम्ही तोवर दगडाशी पोहोचलो होतो. मागून त्याचा आवाज आला, "नाखवा, अहो ही आमची माणसं. थांबवा त्यांना. ए..."

त्या "ए" च्या पुढे काय होतं ते कधीच कळलं नाही.

मी मागे बघितलं नाही, पण पुढे गजाबानं मला शंभरदा सांगितलं, आणि दर वेळी घोडा थोडा मोठा होत गेला. जिवबा नाखव्यानं एका उडीत कारभाऱ्याला घोड्यावरून खाली ओढलं, एका हातानं त्याची मान धरली आणि दुसऱ्या हातानं प्रसादाचं अख्खं खोबरं त्याच्या तोंडात कोंबलं. भालदार पुढे सरसावले तर सतरा खलाशी मध्ये उभे राहिले. नऊ दिवसांच्या न दिलेल्या शिव्या त्यांच्या डोळ्यांत साठल्या होत्या. एक शब्द नाही. फक्त ढोल वाजत होते. नाखवा कारभाऱ्याच्या कानाशी कुजबुजला, "घरात पोरां असत मा तुझ्या? मगे तोंड उघडू नको."

कारभाऱ्याला तीन मुलं होती. त्यानं खोबरं चावायला सुरुवात केली.

आम्ही शीव ओलांडली. ढोल हळूहळू मागे राहिले आणि ऐकू येईनासे झाले. दीड कोस चालल्यावर मी म्हटलं, बाय, आता टोपली खाली ठेव, मान मोडेल. जवादी थांबली नाही.

"ठेवूची नाय," ती म्हणाली. "एकदा ठेवली काय देवी गेली. मगे रवतो ता नुसतो माणूस, आणि माणसाक कोणय हाक मारता."

मी विचारलं की हे सगळं तिला कुठं सुचलं. तेव्हा तिनं चालता चालता, पुढे बघत, मला ती हकिगत सांगितली. ती ऐकल्यावर माझ्या तिन्ही हकिगती मी मिटवून टाकल्या.

तिला लहानपणी आणलं होतं आणि घाटाखालच्या एका मोठ्या घरात बटीक म्हणून ठेवलं होतं. त्या घरात एके वर्षी देवी आल्या. आधी तिला, मग मुलांना. "एकवीस दीस मी आई होतंय," जवादी म्हणाली. "मालकीण माझ्या पायार डोक्या ठेवी. माका नवी चोळी, माका दूधभात. बाविसाव्या दिसाक म्हणाली, चल गो बटके, शेण काढ."

त्याच आठवड्यात मुलांच्या देवीची बोळवण होती. घरातल्या कुणी टोपली उचलायला तयार होईना. उचलणाऱ्याचं घर देवी ओळखते म्हणतात. जवादीला घर नव्हतंच. म्हणून टोपली तिच्या डोक्यावर आली. शीवेपार ठेवायची आणि मागे न बघता परत यायचं. ती शीवेपार गेली. टोपली खाली ठेवायला वाकली आणि तिला कळलं की डोक्यावर टोपली आहे तोवर या गावात तिला हाक मारायची कुणाची छाती नाही.

"खाली ठेवली काय मी परत बटीक. म्हणान ठेवलंयच नाय. दोन दीस चाललंय."

"आणि कुणीच हाक मारली नाही?"

तिनं एका हातानं टोपलीचा तोल सावरला.

"एकान मारली. घरातल्या बारक्या चेडवान. माझ्या मांडयेर वाढलेला ता. 'जवादे' म्हणान. आवशीन तेच्या तोंडार हात ठेवलो."

"मग?"

"मगे काय? टोपली होती डोक्यार. मान कशी वळवतलंय?"

त्यानंतर अकरा वर्षं मी तिची पाण्याची होडी वल्हवली. नाखव्याकडे परत जाणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जावंसं वाटलंही नाही. तिनं घागरी द्यायच्या आणि गाणं म्हणायचं, मी टकटकी ऐकायच्या. त्या अकरा वर्षांत एकशे सात माणसं आम्ही साहेबाच्या तळावर पोहोचवली. दर वेळी देवी आणून चालत नाही. कधी भूत आणलं, कधी महापूर, एकदा लग्नाचं अख्खं वऱ्हाड आणलं, त्यात मी नवरी होतो. जवादी गेली तेव्हा तिच्या मागून चाललेल्या माणसांची रांग झऱ्यापासून शीवेच्या दगडापर्यंत होती. ही थाप नाही. मोजायला मी स्वतः दगडाशी उभा होतो.

पण त्या पहिल्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मसीकानं विचारलं की ही काय सांगते आहे. जवादीनं तीच गोष्ट त्यांच्या बोलीत सांगितली. मसीका आधी ऐकत राहिली, मग हसली. सदतीस दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होतो. हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि ओटीतला नवा खण सारखा केला.

समोरून बाजाराची माणसं येत होती. त्यांनी आधी टोपली बघितली, मग आमची तोंडं. बैलगाड्या रस्त्याच्या खाली उतरल्या. बायकांनी मुलांना पोटाशी धरून हात जोडले. एक लठ्ठ सावकार छत्री मिटून, वहाणा हातात घेऊन खड्ड्यात उभा राहिला. त्याच्यामागून सरकारी शिपाई घोड्यावर आला, तोही खाली उतरला आणि डोकं झाकून बाजूला झाला. अख्खा रस्ता रिकामा झाला. कडेकडेनं चालायची सवय होती त्या तिघींना, आणि मलाही. जवादीनं आम्हाला खूण केली. आम्ही रस्त्याच्या मधोमध आलो.

तबूनं आईचा हात सोडला. ती दोन पावलं पुढे गेली, शिपायासमोर थांबली, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि उजवा हात वर करून त्याला आशीर्वाद दिला.

त्यानं तो डोकं वाकवून घेतला.